वाचावं की बघावं?

परवा पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी तेरा वर्षांची, इंग्रजी माध्यमातली. मराठी फडाफडा बोलते, वाचते मात्र हिंदीच्या जोरावर, अडखळत. म्हणाला, "काका, तिला 'शाळा' कादंबरी आणून देऊ की सरळ तिच्यावरचा सिनेमाच लावून देऊ?" फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मग रात्रभर तेच डोक्यात. शेवटी लिहायला बसलो, कारण आम्हा बडोदेकर मराठी मंडळींच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

पुस्तकाला आठवडा लागतो आणि सिनेमाला दोन तास, हे सांगायला मी नको. आधी सिनेमाच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करून टाकतो.

'जैत रे जैत' मी कॉलेजात असताना वाचली. मांडवीजवळच्या आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली प्रत होती. (सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून उभं केलेलं हे ग्रंथालय. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून. लहानपणी त्या काचेवर पाऊल टाकायला मी जाम घाबरायचो.) गोनीदांनी (गो. नी. दांडेकरांनी) कादंबरीच्या नायकाचा, नाग्याचा, ढोल लिहिलाय फार सुंदर, पण लिहिलेला ढोल शेवटी समजून घ्यावा लागतो. जब्बार पटेलांचा 1977 चा सिनेमा पुढे बघितला, तेव्हा तो वाजला. त्यात महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली. इथे पुस्तकाची वकिली करायला मी उभा राहणार नाही.

'सिंहासन'चं उलट झालं. सिनेमा आधी पाहिला, अरुण साधूंच्या कादंबऱ्या नंतर वाचल्या. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' ही दोन पुस्तकं तेंडुलकरांनी एका पटकथेत अशी विणलीत की सांधा शोधूनही सापडत नाही. वाचताना त्यातला पत्रकार दिगू टिपणीस पानोपानी निळू फुल्यांचाच चेहरा घेऊन आला. त्याचा मला काडीचाही त्रास झाला नाही, कारण त्याच्या आधी माझ्या मनात दिगूला चेहराच नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिनेमाविषयी एक तक्रार आमच्या गावापुरती. मराठी सिनेमा इथे लागलाच तर गावाबाहेरच्या मॉलमध्ये, भलत्या वेळेला, आणि आपण "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणेपर्यंत उतरलेला. ज्या गावच्या कलाभवनात फाळके शिकले, त्या गावची ही अवस्था! पण आता सगळं घरबसल्या मोबाईलवर दिसतं, तेव्हा ही तक्रार जुनी झाली. माझा निर्णय तिच्यावर झालेला नाही.

तो झाला चिमणरावांवर.

चिमणरावांचे लेखक चिं. वि. जोशी जन्माने पुण्याचे, पण बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत. त्यामुळे आमच्या दांडिया बाजारातल्या घरी त्यांचा उल्लेख 'आपले जोशी' असाच व्हायचा. आजोबा रात्री जेवणं आटोपली की ओटीवर चिमणराव वाचून दाखवायचे. आजोबांची मराठी म्हणजे अस्सल बडोदी, संस्थानी अदबीची आणि गुजराती हेलाची. 'ये ना' म्हणायच्या जागी 'ये ने'. त्यामुळे माझे चिमणरावसुद्धा तसेच बोलायचे. काऊ, मोरू, मैना, राघू, सगळं कुटुंब आमच्या गल्लीतलं वाटायचं आणि गुंड्याभाऊ सोटा घेऊन आता सुरसागर तलावाकडून येतील असं. या गोष्टींची खरी गंमत अशी की चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतात, आणि आपली फजिती झाली हे त्यांना अर्धवटच कळलेलं असतं. आजोबा ते तोंडावरची सुरकुती न हलवता वाचायचे. हसायचे फक्त आम्ही.

मग एका उन्हाळ्यात मुंबईला मामाकडे गेलो. तिथे काळ्यापांढऱ्या टीव्हीवर 'चिमणराव' लागायचं. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. काम अप्रतिम, आजही तसंच म्हणेन. चाळीतली निम्मी पोरं त्या खोलीत बसून हसायची, मीही हसलो. चिमणरावांना पडद्याचं वावडं तरी कुठे होतं? मास्टर विनायकांनी 1940 मध्येच 'लग्न पहावं करून' काढला होता, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोगांना घेऊन.

जूनमध्ये बडोद्याला परतलो. पहिल्याच रात्री आजोबांनी पुस्तक काढलं. दोन पानं झाली असतील, मी म्हणालो, "आजोबा, असं नाही. त्यांच्यासारखं वाचा ना."

आजोबांनी प्रयत्न केला. खरंच केला. मान जरा वाकडी करून, आवाज बारीक काढून. मग चष्मा काढला नि म्हणाले, "आज डोळे दुखतात ने." त्यानंतरही कधीमधी वाचायचे, पण मला ऐकू यायचे प्रभावळकर. आज पुस्तक उघडलं तरी तेच. आजोबांचा तो चिमणराव परत आणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. दोन-तीन वाक्यं टिकतो, मग टीव्हीवाले चिमणराव येऊन बसतात.

यात दोष कुणाचाच नाही, प्रभावळकरांचा तर मुळीच नाही. पण लोक जे ठोकून सांगतात ना, "आधी पुस्तक वाचा, मग सिनेमा बघा," ते मला त्या उन्हाळ्यापासून पटत नाही. सिनेमा आधी पाहिला तर फार काही जात नाही, दिगूसारखं. जातं ते पुस्तक आधी वाचल्यावर, आणि कुणी वाचून दाखवलेलं असेल तर जास्तच. कदाचित माझ्या एकट्याचंच असं होत असेल. माझी बायको दोन्ही आनंदाने करते आणि मला वेड्यात काढते.

'श्यामची आई'च्या वेळी मी शहाणा झालो होतो. अत्र्यांचा 1953 चा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी, आईच्या भूमिकेत ग्वाल्हेरशी नातं असलेल्या वनमालाबाई. सगळं कबूल. तरी मुलाला मी आधी पुस्तकच वाचून दाखवलं. साने गुरुजींनी ते मुळात रात्रींमध्येच मांडलंय, बेचाळीस रात्री. आम्ही रोज एक घेतली. दीड महिना लागला, कारण मध्ये दोनदा मला ताप आला आणि एकदा भारत-पाकिस्तान सामना होता. सिनेमाला दीड महिना पुरवून खाता येत नाही, ही माझ्या मते त्याची मोठी उणीव. मुलाने तो चित्रपट पुढे बघितला की नाही ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

तर 'शाळा'. सुजय डहाकेंचा सिनेमा चांगला आहे, एका रविवारी दुपारी बघून होईल, आणि वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलीला मराठीची गोडी लावायला वाईट नाही. घरात वाचून दाखवायला कुणालाच वेळ नसेल तर बेलाशक तोच लावा. पण मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत नववीतला मुकुंद स्वतः बोलतो, आणि त्याचं बोलणं हीच ती कादंबरी आहे. ते बोलणं पहिल्यांदा कुणाच्या आवाजात तिच्या कानात जावं, एवढाच प्रश्न आहे. पुतण्याचा आवाज काही खास नाही. वाचताना तो दर ओळीला घसा खाकरतो. त्या पोरांच्या तोंडी जी भाषा आहे तिच्यापाशी आल्यावर बापाने तेवढं खाकरलेलं बरंच.

त्याला आज सकाळी परत फोन केला. म्हटलं, प्रत माझ्याकडे आहे, रविवारी सेव-उसळ खायला ये आणि जाताना घेऊन जा ने.