रुंद टायरच्या नादात १,०८,३०० रुपये गेले

आधी आकडे सांगतो, म्हणजे "किती गेले, किती गेले" हे विचारणं थांबेल. सोळा इंची चार अलॉय चाकं (म्हणजे नुसते रिम) ३२,००० रुपये. चार टायर, एकाला ७,२०० प्रमाणे २८,८००. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट २,४००. माझी जुनी चाकं टायरसकट टायरच्या दुकानदाराने घेतली आणि फक्त ६,००० वजा केले. म्हणजे ५७,२००. त्यातले २०,००० यूपीआयने आणि ३७,२०० रोख, कारण "बिल पाहिजे तर जीएसटी वर लागेल दादा". तुम्हीही कधी ना कधी रोखच दिलेत, तेव्हा मला शहाणपण शिकवू नका.

माझ्या हॅचबॅकचं मूळ माप १८५/६५ आर १५: रुंदी १८५ मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. त्याने बसवले २१५/५५ आर १६. कागदावर हिशोब करा: जुन्या चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, नव्याचा ६४३. मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी खरं तर ८३ ने पळत असते. १९५/५५ आर १६ घेतलं असतं तर व्यास जवळपास तोच राहिला असता. पण ते त्याच्याकडे नव्हतं, त्यामुळे माझ्या गाडीला "२१५ च शोभतात" असं ठरलं.

खरी गोम रिममध्ये होती. मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५ (रिमच्या मध्यापासून बोल्ट बसायच्या जागेचं अंतर मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तेवढं चाक बाहेर). नवा सात इंच, ऑफसेट २५. रुंदीमुळे चाक १९ मिलिमीटर बाहेर आलं, ऑफसेटमुळे आणखी २०. म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर. मी ऑफसेटचं विचारलं होतं, हे लिहून ठेवा. "ते यूट्यूबवाल्यांचं खूळ आहे दादा, आपण रोज पाच गाड्या करतो," हे उत्तर मिळालं. रिमच्या मागच्या बाजूला ईटी (म्हणजे ऑफसेट) आणि पुढे आकडा कोरलेला असतो. तो बसवण्याआधी बघा, त्याचा फोटो काढा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. विचारलं तर दुकानातला पोरगा म्हणाला, "बॅलन्सिंगची वजनं." वजनं ठोकायला हातोडी लागतेच, म्हणून मी गप्प बसलो. कोणीही बसला असता! पण वजनाला दोन टिचक्या पुरतात, इथे चांगली दहा मिनिटं दणादण चालू होतं. ते लोक मागच्या फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कडा आत ठोकत होते. मला न विचारता. त्यांना तेव्हाच माहीत होतं की टायर घासणार. आणि टायर बनल्याची तारीख? मी वाकून बघायलाच गेलो होतो, तेवढ्यात चहा आला. काळ्या पॉलिशने चकचकीत टायर, नक्षीवर नवेकोरे स्टिकर. टायरच्या कडेवर डीओटी या कोडची अक्षरं होती, पण तारीख सांगणारे शेवटचे चार आकडे नव्हते. ते बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात आणि पोराने चारही टायर ती बाजू आत करून चढवले होते. याला चूक म्हणत नाहीत, याला सराव म्हणतात.

ट्रायल त्याने एकट्याने मारली, रिकाम्या गाडीत. घासणार कसं? पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन खंबाटकी घाटात शिरलो तेव्हा प्रत्येक वळणाला मागून खर्रर्र आवाज आणि जळक्या रबराचा वास. सासरे मागे बसलेले, त्यांचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत. ट्रायल घ्यायची तर मागे तीन माणसं बसवून घ्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून स्पीडब्रेकरवरून.

पंक्चरवाल्याने चाक काढलं आणि आतली बाजू दाखवली: ३११७. म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. मी घेतले २०२४ साली, "चार महिन्यांपूर्वीचा माल" म्हणून.

दुकानदाराचं म्हणणं, गाडी ओव्हरलोड केली. पाच सीटच्या गाडीत पाच माणसं म्हणजे ओव्हरलोड! जुनी चाकं परत मागितली तर ती विकली गेली होती.

पोलीस चौकीत गेलो. "मारामारी झाली का? धमकी दिली का? मग हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, जुना माल नवा सांगून विकला, ही फसवणूकच ना? तर म्हणे दुकान रस्त्याच्या पलीकडे, हद्द दुसरी. दुसऱ्या चौकीत साहेब बंदोबस्तावर. मग आरटीओत. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "अर्ज द्या, पण गाडी आणली तर आधी तुमच्यावरच कारवाई होईल." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, केला तर तो मालकाचा गुन्हा, एका फेरफाराला ५,००० रुपये दंड. म्हणजे टायर बॉडीबाहेर आणणारा दुकानदार मोकळा आणि मी आरोपी! मग ग्राहकांच्या हेल्पलाइनवर फोन. त्यांना दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. बिलच नाही तर क्रमांक कुठून आणू? कशीबशी तक्रार घेतली आणि नंतर मेसेज आला की विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद दिला नाही की सुटका, हा नियम मला वीजबिलाला लावून बघायचाय.

फेंडरचं डेंटिंग-पेंटिंग ९,५००. मूळ मापाची चाकं-टायर पुन्हा घेतले, ४१,६००. एकूण बेरीज वर शीर्षकात आहे.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढं तरी कळलं. दुकानदाराशी झालेलं चॅट, यूपीआयची पावती आणि ३११७ चे फोटो जपून ठेवलेत. जुनी चाकं बदल्यात कधीही देऊ नका, घरी आणा, गॅलरीत पडू द्या. आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत असे "नवे" टायर घेतलेल्यांनी आजच जॅक लावून आतली बाजू बघा. ३११७ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला तर मला कळवा, तक्रार एकत्र टाकू.