स्क्रीनवर १६ जीबी, आत भंगार

घरातल्या एका खोलीत भजनं, भारुडं, पोवाडे रेकॉर्ड करणारी पोरं आता परभणी-नांदेड-लातूरकडे गावोगावी आहेत. बहुतेकांचा डेस्कटॉप माझ्यासारखाच म्हातारा. नवा घ्यायची ऐपत नसते, म्हणून आज ना उद्या रॅम वाढवायला कुठल्या तरी दुकानाची पायरी चढावी लागतेच. त्याआधी एवढं वाचून जा.

मी गंगाखेडचा. जनाबाईचं गाव, त्यामुळे अभंगांच्या कामाला तोटा नाही. मशीन थर्ड जनरेशन आय-फाइव्ह, एच६१चा बोर्ड, दोनच स्लॉट आणि त्यात डीडीआर३ या जुन्या पिढीतल्या चार-चार जीबीच्या दोन रॅम. हार्मोनियम, पखवाज, टाळ यांना तेवढी पुरायची. पण हल्ली मंडळवाल्यांना अभंगामागे व्हायोलिनचा ताफाही लागतो. तो कॉम्प्युटरमधूनच वाजवायचा, सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे खऱ्या वाद्याचे सुटे सूर रेकॉर्ड केलेल्या साठ्यातून. ही लायब्ररी प्रत्येक सुराचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये भरून ठेवते आणि पुढचं डिस्कवरून ओढते. रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कचाच रॅमसारखा वापर करू लागतं, आणि ऐन आलापात आवाज तडतडतो.

परभणीच्या एका दुकानात आठ-आठच्या दोन 'नव्या' रॅम ३६०० रुपयांना ठरल्या. पक्कं बिल मागितलं तर, "भाऊ, बिल घेतलं की अठरा टक्के वर. आपण कुठं पळून जायलोत का?" असं म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर शिक्का मारून दिला. पैसे मी फोनवरून भरले होते, आणि पुढे तोच पुरावा कामी आला. जुन्या रॅम मागितल्यावर पोऱ्या म्हणाला, "मालकाच्या ड्रॉवरमधी हायत, मालक जेवायला गेलेत." मग टास्क मॅनेजर उघडून दाखवला, १६ जीबी. वर यूट्यूबवर एक गाणंही वाजवून दाखवलं.

खरी गोम इथेच आहे. रॅमची चिप एका कोपऱ्यात खराब असली तरी आकडा पूर्ण दिसतो. व्हिडिओ, टायपिंग, बिलिंग असल्या कामात तो कोपरा क्वचितच वापरात येतो, त्यामुळे दुकानात सगळं झकास चालतं. आपण घरी येऊन दहा-बारा जीबीच्या लायब्ऱ्या लोड करतो, तेव्हा रॅम त्या कोपऱ्यापर्यंत भरते. माझं सॉफ्टवेअर तिथेच न सांगता बंद पडायचं, कधी निळी स्क्रीन यायची. सगळ्यात वाईट म्हणजे एका अभंगाची फायनल फाइल निघाली ती मधेच 'टक्' आवाज घेऊन. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज नव्हताच. दुकानदाराला फोन केला तर उत्तर तयार: "तुमचं सॉफ्टवेअरच चोरीचं असंल, रॅमला काय होतंय?" सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे म्हटल्यावर गाडी लाइटच्या व्होल्टेजवर गेली.

नांदेडला इंजिनिअरिंग करणारा भाचा आला होता, त्याने मशीनच्या आतल्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकलं. हे फुकट मिळतं. त्यात एसपीडीच्या, म्हणजे रॅमने स्वतःबद्दल साठवलेल्या माहितीच्या पानावर प्रत्येक रॅमचा मेकर, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा बनवल्याचा आठवडा-साल दिसतं. वरच्या स्टिकरवर एक कंपनी, आत दुसरीच, आणि साल २०१२! मग रॅम काढून उजेडात धरली. चकचकीत स्टिकरच्या कडेखाली जुन्या लेबलचा पिवळट डिंक होता, आणि सोनेरी पायांवर खोडरबराने घासल्याच्या बारीक रेघा. नव्या रॅमला रबर कशाला लागतंय? रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं, एकेक रॅम स्वतंत्र. एक पास झाली. दुसरीने पहिल्याच फेरीत चुका दाखवत स्क्रीन लाल केली.

डीडीआर४ ही पुढची पिढी बाजारात येऊन जमाना झाला, २०१४ची गोष्ट. त्यामुळे डीडीआर३ म्हणून जो माल फिरतो त्यातला पुष्कळसा ऑफिसांच्या जुन्या मशीनमधून उपसलेला असतो. तसं सांगून, निम्म्या किमतीत विकला तर माझी काहीच तक्रार नाही. जुनी रॅम चांगली असेल तर वर्षानुवर्षं चालते. नवी म्हणून गळ्यात मारणं ही मात्र लबाडी झाली. आणखी एक माल फिरतो, 'फक्त एएमडीसाठी'वाला, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवरच चालणारा, स्वस्तातला. इंटेलच्या बोर्डावर तो बहुधा चालूच होत नाही, तेव्हा भाव ऐकून भुलू नका.

दुकानात पुन्हा गेलो तर मालक ओळखच देईना. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चिठ्ठी, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि लाल स्क्रीनचा फोटो देऊन तक्रार टाकली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला फी लागत नाही. हे दोन मुद्दे फोनवर शांतपणे ऐकवल्यावर मालकाचा आवाज खाली आला. ३००० परत मिळाले. बाकीचे ६०० 'फिटिंग आणि टेस्टिंग'चे म्हणून कापले. टेस्टिंग!

आता दुसरीकडून घेतल्या, जुन्याच, पण जुन्या म्हणून. पैसे द्यायच्या आधी दुकानातच मेमटेस्टची एक फेरी पूर्ण होऊ दिली. त्याला बराच वेळ लागतो, दुकानदार कुरकुरतो. खुशाल बसून राहायचं. बिलावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहून घेतला.

माझ्या जुन्या चार-चारच्या दोन रॅम त्या ड्रॉवरमधून अजून निघालेल्या नाहीत. दोन्हींच्या मागच्या बाजूला मी काळ्या मार्करने छोटं 'ज' काढलेलं आहे. परभणीत कुणाला 'नवी' म्हणून तसली मिळाली, तर स्टिकर काढून बघा.