‘हमखास पास’ म्हणून माझे ८५ हजार घेतले

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. माहेर चोपडा तालुक्यातलं, नोकरी जळगावात, सहा वर्षं आयसीयूत. अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवायला द्यावी लागते त्या एनक्लेक्स-पीएन परीक्षेच्या नावाखाली मागच्या वर्षी माझे ८५ हजार गेले. धुळ्याच्या आणि भुसावळच्या दोन सिस्टरांनी परवा मला तसलेच मेसेज दाखवले, म्हणून हे लिहितेय.

क्लासवाले सर म्हणाले, “ताई, आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सची परीक्षा, तुम्हाला झेपायची नाही. पीएन काढा, प्रॅक्टिकल नर्स म्हणून आधी तिकडे पोचा. पेपरातले खरे प्रश्न आपल्याकडे असतात.” रजिस्ट्रेशनचे २५ हजार, प्रश्नांच्या पीडीएफचे ३० आणि ‘बोर्ड व परीक्षा फी’ म्हणून आणखी ३०. शेवटचे ३० आईने कापसाच्या पैशातून दिले. पावती एकाही रकमेची मिळाली नाही.

खरी पद्धत मला नंतर कळली. आरएन आणि पीएन हे दोन वेगळे परवाने आहेत. आपलं शिक्षण कशात बसतं ते अमेरिकेतल्या ज्या राज्याचा परवाना हवा, त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड कागद तपासून ठरवतं, क्लासवाला नाही. आधी बोर्डाकडे अर्ज, मग परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे आपण स्वतः नोंदणी करायची. तिची फी २०० डॉलर, परदेशातल्या केंद्रासाठी वर आणखी पैसे. बोर्डाची फी वेगळी. बोर्डाने पात्र ठरवलं की परीक्षेला बसायची परवानगी, म्हणजे एटीटी, ईमेलवर येते. तारीख त्यानंतर आपणच निवडतो.

मला मात्र व्हॉट्सॲपवर थेट ‘हॉल तिकीट’ आलं. त्यावर तारीख, वेळ आणि निळा गोल शिक्का. नाव नर्सिंगच्या सर्टिफिकेटवरचं, पासपोर्टवरचं नाही. ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसूच देत नाहीत, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटी मी बोर्डालाच ईमेल केला. उत्तर आलं, या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. सरांचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला.

मनाला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. ती पीडीएफ मी नाईट ड्युटीला वाचायचे. ४१ नंबरचा प्रश्न पोटॅशियम कमी झालेल्या पेशंटचा होता. उत्तर दिलं होतं, केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन, थेट शिरेतून पुश द्या, म्हणजे सिरिंजने एकदम. माझ्याच टेबलावर केसीएलचे ॲम्प्यूल होते. ते तसं दिलं तर हृदय बंद पडतं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं. तरी मला वाटलं, अमेरिकेत वेगळं असेल. पेशंटसमोर मी असं कधीच मानलं नसतं.

‘खरे प्रश्न’ या शब्दांवरच मी थांबायला हवं होतं. ही परीक्षा संगणकावर होते आणि तुमच्या प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडला जातो. कुणाला ८५ प्रश्न येतात, कुणाला १५० पर्यंत. वेळ पाच तास. दोघी शेजारी बसल्या तरी पेपर एक नसतो. मग विकायला पेपर येणार कुठून? शिवाय प्रश्न बाहेर सांगणार नाही, असं परीक्षार्थीकडून कबूल करून घेतात; ते मोडलं तर निकालच रद्द होऊ शकतो. अभ्यासक्रमाचा आराखडा, टेस्ट प्लॅन, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट आहे. मी आता त्यावरूनच अभ्यास करते, आरएनचा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तीन आठवड्यांनी फोन केला. तोवर पैसे सरांच्या खात्यातून पुढे निघून गेले होते. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या, त्याच तासात फोन करा; रक्कम पुढे सरकली नसेल तर ती थांबवता येते. चॅट पुसू नका, माझी तक्रार चॅटवरच उभी आहे. आईला सांगताना मी रडले, तर ती म्हणाली, “पैसा गया ते गया, तू कसाले रडस?”

ती पीडीएफ अजून फिरतेय, परवाच्या मेसेजमध्येही होती. जिच्याकडे असेल तिने ४१ नंबरचं उत्तर खोडून टाका. केसीएल सलाईनमध्ये पातळ करून, पंपावर, हळूहळू, मॉनिटरवर नजर ठेवून द्यायचं. पुश कधीच नाही.