वाळू की बेंटोनाइट?

धाकट्या बहिणीची मांजर, मनी, शूचा ट्रे सोडून गादीवर शू करते. डॉक्टरांनी तपासलं, मूत्रमार्गाचा त्रास नाही. (बोका कुंथतोय आणि शू होत नाही, तर तासभरही थांबू नका.) आता ट्रेमध्ये वाळूच ठेवू की बेंटोनाइट (ओली झाली की गोळा होणारी माती) आणू, असं बहीण विचारते.

वाळू स्वस्त, पण तिचा गोळा होत नाही. मूत्र तळाशी झिरपतं, सगळा ट्रे उपसावा लागतो. एक दिवस चुकला की मनी पंजा झटकत काठावरूनच मागे फिरते. बेंटोनाइट महाग, धूळही उडते. पण ओला गोळा जाळीच्या चमच्याने उचलला की बाकीचं कोरडं राहतं. फक्त संडासात टाकू नका, पाइप तुंबतो.

गादीला फिनाइल अजिबात नको, मांजरांना ते विषारी. एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळापासून घालवणारं द्रावण) वापरा.

घरी दिवसभर माणूस असेल, तर वाळू पुरेल. बहिणीसारख्या नोकरीवाल्यांनी बेंटोनाइटच घ्यावं.