इंग्लंडमधला रिकामा गाळा: कॅफे काढावा की टेकअवे?

1 सप्टेंबर 2020 पासून इंग्लंडमध्ये दुकान, बँक, ऑफिस, जिम आणि उपाहारगृह 'ई' या एकाच वापरवर्गात (जागा कशासाठी वापरली जाते, त्यानुसार केलेल्या सरकारी गटात) आले. त्यामुळे कपड्यांच्या दुकानाच्या गाळ्यात कॅफे काढायला वापरबदलाची परवानगी लागत नाही. (वेल्समध्ये हे लागू नाही, तिथे जुने वर्ग अजून चालू आहेत.) मात्र खाणं बहुतांशी तिथेच बसून खाल्लं गेलं पाहिजे.

गरम पदार्थ मुख्यतः बाहेर नेण्यासाठी विकले, की तो टेकअवे. तो कुठल्याच वर्गात बसत नाही. मग वापरबदलासाठी कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) पूर्ण अर्ज, शुल्क, शेजाऱ्यांच्या हरकती, आणि निर्णयाची मुदत सहसा 8 आठवडे. जागा शाळेपासून पायी अंतरावर असेल आणि टाउन सेंटरच्या हद्दीत नसेल, तर डिसेंबर 2024 चं राष्ट्रीय धोरण अर्ज नाकारायलाच सांगतं. गार सँडविचचं पार्सल मात्र साधं दुकानच.

फसगत होते ती 'बहुतांशी' या शब्दावर. खिडकीशी चार खुर्च्या मांडल्या आणि बिलं सगळी पार्सलची, तर कौन्सिल त्याला कॅफे मानेलच असं नाही.

धुराड्याचं वेगळंच. मागच्या भिंतीवरून पाइप वर न्यायचा, तर इमारतीचं बाह्यरूप बदलतं म्हणून कॅफेलाही परवानगी लागते. भाडेकरारावर सही करण्याआधी गाळ्याचं जुनं परवानगीपत्र वाचा; 'फक्त किरकोळ विक्री' अशी अट त्यात असेल, तर 'ई' वर्गाची मोकळीक तिथेच संपते. पहिल्यांदाच धंदा करणाऱ्याने कॅफेच घ्यावा.