दातावरून कळतं बाई कुठून आली! नाशिकमधला रविवारचा पुरातत्त्व वॉक + स्लाईड शो

गेल्या रविवारी आई आणि लेकीला घेऊन गेले होते, माणशी ३५० रुपये, चहा-पोहे त्यातच. आधी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये दोन तास स्लाईड शो आणि मग जुन्या गढीपर्यंत, म्हणजे नाशिकच्या प्राचीन वस्तीच्या टेकाडापर्यंत चालत.

स्लाईड शो एकदम भारी. सगळ्यात आवडलं ते दातांचं. लहानपणी दाताचं वरचं कवच तयार होतं ना, तेव्हा जिथलं अन्नपाणी पोटात जातं तिथल्या मातीतलं स्ट्रॉन्शियम (एक मूलद्रव्य, त्याची खूण जागेनुसार वेगळी असते) त्यात बसतं ते कायमचं, आणि मोठेपणी तुम्ही कुठेही राहायला गेलात तरी ते बदलत नाही. जर्मनीत लेख नदीच्या खोऱ्यात चारेक हजार वर्षांपूर्वीच्या ८४ जणांचे असे अवशेष तपासले तर बऱ्याचशा बायका बाहेरून आलेल्या निघाल्या आणि पुरुष बहुतेक तिथलेच, पण या बायकांना पुरलेलं मात्र तिथल्या लोकांसारखंच! हे ऐकून आई पटकन म्हणाली, म्हणजे माझ्या दातात अजून तापीकाठची माती आहे म्हणायची. ती लग्न होऊन जळगावकडून इकडे आलेली, चाळीस वर्षं झाली.

मग पेरू देशातली ९००० वर्षांपूर्वीची मुलगी, वय १७ ते १९, सोबत भाल्याची टोकं आणि कातडं साफ करायची हत्यारं पुरलेली. ती मुलगी आहे हेही दाताच्या कवचातल्या प्रोटीनवरून पक्कं केलं. लेकीच्या पुस्तकात शिकारीच्या चित्रात सगळे पुरुषच आहेत, ती तिथेच म्हणाली चित्र चुकलंय. स्लाईड शो घेणाऱ्या सरांनी नीट समजावलं की एका थडग्यावरून सगळ्या समाजाचं ठरवता येत नाही, पण बाई शिकारीला जातच नव्हती असं तर आता कोणी म्हणू शकत नाही. असं तोलून बोलणारी माणसं मला आवडतात.

तक्रार एकच पण मोठी. जुन्या गढीला जेमतेम दहा मिनिटं! १९५०-५१ ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे खोदकाम केलं, जोर्वेकाळची (साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची) भांडी निघाली, आपल्या गावात एवढं असताना घाई कशाला? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या तशाच जुन्या वस्तीत घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लेकरं, त्यावर पण एकच स्लाईड. त्या घरातल्या आया कुठून आल्या होत्या हे विचारायचं होतं मला, तेवढ्यात वेळ संपली. शिवाय चालायला सुरुवात साडेअकराला, उन्हात आईचे हाल झाले.

चार स्टार. जाणार असाल तर टोपी आणि पाणी घ्या, आणि दहा वर्षांपुढची मुलं असतील तर नक्की न्या.