छज्जे, पोर्च आणि पावणेनऊ लाख रुपये

साताऱ्याजवळच्या आमच्या तीन गुंठ्यांच्या जागेवर, निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून, तळमजला आणि वरचा एक मजला असे घर बांधायचे आम्ही २०२२ च्या सुरुवातीला ठरवले. त्या बांधकामात आमची जी फसवणूक झाली ती कोणत्या कागदातून आणि कोणत्या मापातून झाली, हे घर बांधायला निघालेल्यांना आधीच कळावे म्हणून हे लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे कोणाचेही नाव घेतलेले नाही.

नात्यातल्या एकांच्या ओळखीने आम्ही एका आर्किटेक्टकडे गेलो. गृहस्थ बोलायला अतिशय मृदू होते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी असे पत्नीने सुचवताच त्यांनी तिच्या देखत नकाशात ती सरकवली, आणि मला वाटते आमचा विश्वास तिथेच बसला. आठ दिवसांनी त्यांनी घराचे थ्रीडी चित्र दाखवले. पुढे आलेला मोठा पोर्च, खिडक्यांवर रुंद छज्जे, जिन्याच्या डोक्यावर गच्चीत उंच टपरी (छोटी खोली) असा तो सगळा थाट आम्ही मागितलेला नव्हता, परंतु चित्र पाहिल्यावर तो नको म्हणण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. ठेकेदारही त्यांनीच सुचवला. "माझी पाच-सहा कामे यानेच केली आहेत, तुम्हाला साइटवर यायचीसुद्धा गरज पडणार नाही," असे ते म्हणाले, आणि आम्ही त्याला सोय समजलो.

करारनामा स्टँप पेपरवर रीतसर झाला. त्यात टाइल्सचा दर, दरवाजांचे लाकूड, रंगाचे हात असे सगळे लिहिलेले होते आणि मीही ते चष्मा लावून ओळ न ओळ वाचले होते. मुख्य ओळ मात्र एवढीच होती : "बांधकामाचा दर मटेरियलसह प्रति चौरस फूट १,८५० रुपये." हे चौरस फूट कशाचे, मंजूर नकाशातील दोन मजल्यांचे की जिथे जिथे काँक्रीट पडेल तिथले, याचा त्यात उल्लेख नव्हता. नकाशाप्रमाणे क्षेत्र १,६४० चौरस फूट होते, म्हणून खर्च ३० लाख ३४ हजार येईल असा हिशेब आम्ही वहीत मांडून ठेवला. हप्त्यांची रचनाही आमच्या लक्षात आली नाही. भूमिपूजनाला पंधरा टक्के, जोत्याला पंचवीस, पहिल्या स्लॅबला पंचवीस आणि दुसऱ्याला वीस, म्हणजे गिलावा, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, दारे-खिडक्या आणि रंग शिल्लक असतानाच पंचाऐंशी टक्के रक्कम ठेकेदाराच्या हातात गेलेली असणार होती.

पहिली शंका दिवाळीत आली. बांधकामाच्या साइटवर नोकरी करणारा पुतण्या घरी आला होता. त्याने पडलेल्या सळयांतून बारा एमएमच्या सळईचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून घेतला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. अशा सळईचे वजन मीटरला ८८८ ग्रॅम असावे लागते, पाच टक्के कमी-अधिक चालते. काटा ७९० वर थांबला. दुकानदाराला वाटले आम्ही भंगार विकायला आलो आहोत. (कोणत्याही सळईचे हे वजन काढणे सोपे आहे : व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे, म्हणजे मीटरला किती किलो ते मिळते.) नंतर पुतण्याने दुसऱ्या स्लॅबच्या बीममधील रिंगांना (लांब सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्यांना) टेप लावून अंतर मोजले. आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये त्या सहा इंचांवर होत्या, प्रत्यक्षात नऊ इंचांवर बांधलेल्या होत्या. आर्किटेक्टना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "काका, एवढे चालते." त्या बीममध्ये आम्ही रिंगा वाढवून घेतल्या, खालच्या स्लॅबमध्ये काय आहे ते आता काँक्रीटच्या पोटात आहे.

त्यानंतर टाइल्सचे झाले. काही टाइल्स फुटल्या म्हणून मी एकटाच दुकानात गेलो. आधीच्या बिलात ६६ रुपये असलेला दर काउंटरवरच्या मुलाने मला ५८ सांगितला. तीच टाइल, तीच कंपनी. मी जुने बिल दाखवताच तो निरागसपणे म्हणाला, "म्हणजे तुम्ही साहेबांकडून आलेले का? त्यांचा रेट वेगळा असतो." त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हते, आणि मला मात्र साहेबांचे, म्हणजे आर्किटेक्टचे, कमिशन कळले.

दुसऱ्या स्लॅबनंतर ठेकेदाराने जे बिल दिले त्यात क्षेत्र २,११५ चौरस फूट होते. पोर्च १५०, छज्जे ८५, टपरी ९०, टाकीखालचा स्लॅब ४०, आणि दोन्ही मजल्यांच्या क्षेत्रात आधीच धरलेला जिना पुन्हा वेगळा ११० : एकूण ४७५ चौरस फूट, म्हणजे ८ लाख ७८ हजार ७५० रुपये जास्त. पोर्चला खर्च येतो हे मलाही मान्य आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो निम्म्या दराने धरतातही. पण ते सुरुवातीला ठरवायचे असते, स्लॅब पडल्यावर नव्हे. बिलाखाली "मोजमाप तपासले" असा शेरा आणि आर्किटेक्टची सही होती. ज्या चित्रावर आम्ही भाळलो होतो त्यातली प्रत्येक शोभेची गोष्ट त्या यादीत पूर्ण दराने बसली होती, आणि ती सुचवणारा व मोजणारा माणूस एकच होता.

मग आम्ही उशिराने ते केले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते : आर्किटेक्टची नोंदणी तपासली. मंजूर नकाशावरची सही आणि शिक्का पुण्यातल्या कोणा तिसऱ्याच व्यक्तीचा निघाला, ज्यांना आम्ही कधीही पाहिलेले नव्हते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते; नकाशे इतरही काढू शकतात, परंतु ती उपाधी लावू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये म्हटले आहे. नोंदणी क्रमांक 'सीए' ने सुरू होतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो. आमच्या गृहस्थांचे नाव तिथे नव्हते. नोंदणी असलेल्यांना कमिशन घेण्यास १९८९ च्या आचारनियमांनी मनाई आहे, पण यांच्यावर ते नियम लावणार कोण?

पुढचा हप्ता थांबवताच सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटांसह ठेकेदार निघून गेला. अनेकांनी महारेराकडे (बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) जायला सांगितले, परंतु स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला महारेरा लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानलेली आहे, म्हणून दोन वर्षांच्या मुदतीच्या आत आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. उरलेले काम सुटे मिस्त्री लावून केले आणि त्यासाठी पत्नीच्या नावावरची ठेव मोडली.

यंदा मेहुणी कराडला घर बांधते आहे. तिच्या करारनाम्यात आम्ही एक वाक्य घालायला लावले : "बांधकाम क्षेत्र म्हणजे मंजूर नकाशातील मजल्यांचे क्षेत्र, पोर्च निम्म्या दराने, छज्जे, टपरी, टाकी व जिना वेगळे मोजले जाणार नाहीत, मोजमाप मालकाने नेमलेला त्रयस्थ अभियंता करील." ते वाचून ठेकेदाराने तिथल्या तिथे दर नव्वद रुपयांनी वाढवला.